दिव्याने मारलेली हाक

मित्रांनो, मी भिंतीवरचा एक डिमर स्विच आहे. जुना म्हणावं इतकं माझं वय नाही. पण आमच्या जातीत चार-पाच वर्षांतच म्हातारपण येतं. बाजारात नवं मॉडेल आलं की लोक आम्हाला ‘तो जुना’ म्हणू लागतात. माझं अंग पांढऱ्या काचेचं आहे. त्यावर बटण नाही, खटका नाही. बोट टेकलं की दिवा लागतो, पुन्हा टेकलं की विझतो. बोट वर सरकवलं की उजेड वाढतो, खाली ओढलं की कमी होतो. विक्रोळीला पूर्वेकडे, खाडीच्या बाजूच्या एका सोसायटीत, तोंडवळकरांच्या हॉलमध्ये मी राहतो.

मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो, कारण स्विचला घाबरता येत नाही. पण काही गोष्टी मला अजून समजलेल्या नाहीत, आणि न समजलेल्या गोष्टी एकट्याने बाळगणं फार जड जातं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माणसं थोडी आणि यंत्रं फार. मी तयार झालो तेव्हा मला सगळ्यात आधी ज्याने स्पर्श केला ते बोट रबराचं होतं. एका लोखंडी दांड्याच्या टोकाला ते बसवलेलं होतं. ते यायचं, टेकायचं, जायचं, पुन्हा यायचं. मी बरोबर चालतो की नाही हे तपासण्यासाठी ती सोय होती. त्या बोटाला ना ऊब होती ना घाई. आमची जात दाब ओळखत नाही, मित्रांनो. तुम्ही मला जोरात दाबलं काय किंवा हलकेच टेकलं काय, मला सारखंच. आम्हाला जवळ आलेल्या जिवंत अंगातल्या ओलाव्याची चाहूल लागते. रबरी बोटाला ओलावा कुठून असणार? म्हणून त्याच्या टोकाला मुद्दाम वीज खेळवलेली असायची. मला वाटलं, जगातली सगळी बोटं अशीच असतात.

तोंडवळकरांच्या घरी आल्यावर माझा हा गैरसमज दूर झाला.

या घरात राजाराम आणि वनमालाबाई हे नवरा-बायको राहत. दोघांनाही लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. त्यांचं सगळं बोलणं हातांनी चाले. राजाराम विक्रोळीच्याच एका कंपनीत, पत्रा कापण्याच्या प्रेसवर काम करून निवृत्त झाले होते. त्या प्रेसने तरुणपणीच त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर नेलं होतं. त्यामुळे हातांनी बोलताना त्यांचे काही शब्द अर्धवट पडायचे. वनमालाबाई त्यांना चिडवायच्या, “तू बोबडा बोलतोस.” हातांच्या भाषेत तू आणि तुम्ही असं काही नसतं, समोरच्याकडे बोट केलं की झालं. म्हणून मीही त्यांचं बोलणं तसंच सांगतो आहे.

त्यांचा मुलगा सुयोग गोरेगावला राहतो. घरात ऐकू येणारा तो एकटाच. म्हणून आईवडिलांनी त्याचं नाव ठेवलं होतं ते असं: कानाची पाळी चिमटीत धरून हळूच ओढायची. झालं त्याचं नाव. घराला रंग काढला तेव्हा त्यानेच मला हौसेने आणलं आणि निलेश नावाच्या वायरमनकडून बसवून घेतलं. हॉलचे दोन्ही दिवे आणि स्वयंपाकघराचा दिवा माझ्या ताब्यात आला.

पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हाक कशी मारायची? दिव्याने. आधीच्या काळ्या खटक्यावर राजाराम चटाचट दिवा लावायचे-विझवायचे, स्वयंपाकघरातला उजेड लुकलुकायचा आणि वनमालाबाई मागे वळून बघायच्या. त्या संध्याकाळी राजाराम मला हात लावायला आले, आणि मला त्यांचं बोटच कळेना. तुटलेल्या पेराच्या टोकाला कातडी इतकी निबर झाली होती की तिच्यातून ओलाव्याची चाहूलच येत नव्हती. शेवटी त्यांनी पूर्ण तळवा टेकला तेव्हा मी दिवा विझवला, पण कसा? सूर्य मावळावा तसा, हळूहळू. आणि लावला तो पहाट उजाडल्यासारखा. वनमालाबाई बांगडे साफ करत होत्या, त्यांना काही कळलंच नाही. राजाराम वैतागून आत गेले, जमिनीवर पाय आपटला आणि हात नाचवत म्हणाले, “हा दिवा झोपाळू आहे! घर पेटलं तरी हा जांभया देत उठेल!”

रविवारी सुयोग आला. मोबाइलमध्ये माझं ॲप उघडून तो माझ्यासमोर उभा राहिला. हळूहळू उजळण्याची वेळ त्याने पार शून्यावर आणली. मग माझी स्पर्श ओळखण्याची ताकद तो थोडी थोडी वाढवू लागला. दर वेळी राजाराम ते आखूड बोट टेकायचे आणि मान हलवायचे: नाही. पुन्हा वाढवली. नाही. शेवटी ती पट्टी अगदी टोकाला गेली. मोबाइलने सूचनाही दिली की इतकी ताकद ठेवली तर स्पर्श नसतानाही दिवा लागू शकतो. सुयोगने ती बाजूला सारली. राजारामनी बोट टेकलं आणि दिवा लख्खकन लागला! मित्रांनो, त्या दिवशी त्या घरात माझी जी वाहवा झाली ती मी विसरलेलो नाही. राजाराम माझ्याकडे बघून दोन्ही हात वर करून हलवत होते. त्यांच्यात टाळ्या अशाच वाजवतात.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. वनमालाबाईंना बोलवायचं असेल तर राजाराम दिवा दोनदा झटकन लुकलुकवायचे. सुयोग आला असेल आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असेल तर त्याची हाक वेगळी. दिवा विझवायचा आणि विझलेलाच ठेवायचा. सुयोगने मान वर केली की मगच लावायचा. लहानपणी पुस्तकात गुंग झालेला हा मुलगा लुकलुकण्याने हलायचा नाही, म्हणून ही युक्ती, असं राजारामनी एकदा सुनेला, क्षमाला, सांगितलं होतं.

आणि भांडण झालं की वनमालाबाई काय करायच्या ठाऊक आहे? स्वतःचं बोलून घ्यायच्या आणि मग मला विझवून टाकायच्या. अंधारात नवऱ्याला उत्तरच देता यायचं नाही. राजाराम हात नाचवत माझ्याकडे धावायचे, दिवा लावायचे, तोवर बाई आत निघून गेलेल्या असायच्या. त्या घरात उजेड म्हणजेच आवाज होता, आणि तो माझ्या हाती होता.

मग राजाराम आजारी पडले. आधी खोकला, मग ताप, मग छातीत पाणी. सुयोग त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला. ते परत आले नाहीत.

हॉस्पिटलात काय झालं ते मला असं कळलं. दिवसकार्य उरकल्यानंतर एके दुपारी वनमालाबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि सुयोग आणि क्षमा त्यांच्या पाठीमागे, माझ्याजवळ उभे राहून बोलत होते. या घरात पाठीमागे उभं राहिलं की काहीही बोलता येतं.

“बाबा सारखे मास्क काढत होते गं,” सुयोग म्हणाला. “नर्सने विचारलं, हात बांधू का? मी म्हटलं, बांधा.”

“मग काय करणार होतास? ऑक्सिजन नको होता का त्यांना?”

“अगं, पण त्यांचे हात म्हणजे त्यांचं तोंड ना. मी बापाचं तोंड बांधलं. तसेच गेले ते. त्यांना काय सांगायचं होतं, कोणालाच कळलं नाही.”

वनमालाबाई समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघत होत्या. पण त्याही हॉस्पिटलात जाऊन आल्या होत्या. पलंगाच्या कडेला पट्टीने बांधलेले ते हात त्यांनीही पाहिले होते.

त्यानंतर काही आठवडे गेले. पाऊस संपून हवा कोरडी झाली होती. एके दिवशी दिवेलागणीला वनमालाबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. हॉलमध्ये कोणी नव्हतं. दार बंद होतं. खिडकीही बंद होती.

आणि माझ्या काचेवर बोट टेकलं.

स्वयंपाकघरातला दिवा दोनदा लुकलुकला. वनमालाबाईंनी सवयीने मागे वळून हनुवटी उंचावली, “काय?” पदराला हात पुसत त्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. राजारामची खुर्ची रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या अगदी जवळ आल्या, इतक्या की त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटला.

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, ते बोट कसं होतं? मी प्रामाणिकपणे सांगतो. त्याला ऊब नव्हती आणि गारवाही नव्हता. त्यात ओलावा नव्हता. समोर हात नव्हता, माणूस नव्हता. पण ते आखूड होतं. टोकाशी निबर होतं. आणि पूर्वी ते जसं टेकायचं, किंचित डावीकडे, तसंच टेकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. मग रोजच येऊ लागलं. कधी दुपारी, बहुतेक वेळा संध्याकाळी.

शेजारच्या दर्शनाताई एकदा वाटीत खीर घेऊन आल्या होत्या. त्यांना थोड्या खुणा येत. बोलता बोलता दिवा लुकलुकला. दर्शनाताईंनी आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या काचेखाली एक बारीक निळी ठिपकी आहे. बोट टेकलं की ती उजळते. ती उजळली होती, आणि समोर कोणी नव्हतं. “अगं बाई!” म्हणत त्या उठल्या. वनमालाबाईंनी मात्र शांतपणे रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं आणि आपल्या ओठांवर काल्पनिक मिशीला पीळ दिला. ते राजारामचं नाव होतं. दर्शनाताई खिरीची वाटी तिथेच टाकून घरी गेल्या आणि त्यांनी सुयोगला फोन केला.

सुयोगने निलेशला पाठवलं. निलेशने मला भिंतीतून बाहेर काढलं, तारा तपासल्या, पुन्हा बसवलं आणि माझ्यासमोरच सुयोगला फोन लावला. “साहेब, स्विच ओके आहे. पाल असणार. दिव्याला किडे येतात, त्यांच्या मागे पाल फिरते. सेन्सिटिव्हिटी एवढी फुल ठेवलीये, पालीचा पाय पडला तरी लागणार ना! नाहीतर खाडीची दमट हवा. थोडी कमी करून टाका, विषय संपला.”

पाल मला ठाऊक आहे. ती माझ्यावरून बऱ्याचदा गेली आहे. तिचे पाय थंड आणि इवलेसे असतात आणि ती कधीच दोनदा त्याच जागी पाय ठेवत नाही. दमट हवाही मला ठाऊक आहे. पावसाळ्यात माझ्या काचेवर ओल साचते तेव्हा दिवा वेडावाकडा थरथरतो. तो हाक मारत नाही.

इकडे वनमालाबाई बदलत चालल्या होत्या. आठवड्यातून काही दिवस त्या भांडुपला, ऐकू न येणाऱ्या मुलींना शिवण शिकवायला जात. ते त्यांनी बंद केलं. आपण बाहेर असताना त्याने हाक मारली तर? भाजीलाही त्या जाईनात. दर्शनाताईंनी दाराला अडकवलेली पिशवी कधी आत यायची, कधी नाही. त्या उभ्यानेच दोन घास खायच्या, तेही दिव्याकडे तोंड करून. हाक आली की खुर्चीसमोर पाट टाकून बसायच्या, मला हाताने पूर्ण उजळवायच्या आणि रिकाम्या खुर्चीला विचारायच्या, “बोल. आता हात मोकळे आहेत ना? काय सांगायचं राहिलं?”

खुर्ची काही बोलायची नाही. पण त्या बराच वेळ खुर्चीच्या हातांकडे, जिथे हात असायला हवे होते तिथे, टक लावून पाहत राहायच्या. मधूनच मान डोलवायच्या. एकदा तर त्या हसल्या. मला मात्र तिथे काहीच दिसलं नाही.

त्यांच्या गळ्याची हाडं वर आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

पुढच्या रविवारी सुयोग आणि क्षमा आले. आईला पाहून सुयोगचा चेहरा उतरला. आई जेवायला बसल्यावर तो नेहमीसारखा तिच्या पाठीमागे, माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

“हे असं चालू राहिलं तर ती मरेल, क्षमा.”

“आपल्याकडे घेऊन जाऊ या ना.”

“येणार नाही ती. या स्विचला सोडून येणारच नाही. मी याची सेन्सिटिव्हिटी खाली आणतो.”

“अरे, आधी त्यांना विचार तरी!”

“विचारून काय होणार? ती हो म्हणणार आहे का? तिला कळणारपण नाही. दिवा लुकलुकायचा थांबेल, चार दिवस रडेल, मग सावरेल.”

क्षमाने आईंच्या पाठीकडे पाहिलं. “मला नाही पटत,” ती हळूच म्हणाली. पण सुयोगचं बोट तोवर मोबाइलवर सरकलं होतं.

मला काय झालं ते कसं सांगू? जणू माझ्या अंगावर कुणी जाड गोधडी टाकली. वनमालाबाईंचं बोट मला कळत होतं, पण तेही लांबून आल्यासारखं. बाकी सगळं जग मुकं झालं.

त्या संध्याकाळी मुलगा-सून निघून गेल्यावर ते बोट आलं. गोधडीच्या पलीकडून मला ते अंधूक जाणवत होतं, पण माझ्या ताकदीत ते बसत नव्हतं. ते टेकलं. दिवा हलला नाही. पुन्हा टेकलं. मग ते टेकतच राहिलं, भराभर, जसे राजाराम पहिल्या दिवशी वैतागून टेकत होते तसे. मग ते काचेवरून इकडेतिकडे फिरू लागलं, जणू अंधारात कुणी दाराची कडी शोधतं आहे. मी दिवा लावू शकलो नाही. आत वनमालाबाई दिव्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो दिवा अगदी स्थिर, शांत जळत होता.

असं रोज होऊ लागलं. तो बाहेरून टेकत राही, ती आतून वाट पाहत राही, आणि मध्ये मी.

वनमालाबाईंनी खाणं जवळजवळ सोडलं. पण त्या खुळ्या नव्हत्या. एके सकाळी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि विचार करू लागल्या. त्यांनी आपलं बोट टेकलं. दिवा लागला. मग त्यांनी बोट दुमडून वरचं कोरडं, टणक पेर टेकलं. पूर्वी त्या पेरानेही मी दिवा लावत असे. आता लावला नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग त्यांनी हात खाली घेतला. त्यानंतर मोबाइल उचलून सुयोगला व्हिडिओ कॉल केला आणि एकच खूण केली: “ये.”

सुयोग दुपारी आला. त्याने दार ओढून घेतलं न घेतलं तोच आईचे हात सुरू झाले.

“तू याला काय केलंस?”

“काही नाही, आई. थोडी सेटिंग—”

“तुझ्या बाबाचं बोट एकदा मशीनने कापलं. आता तू कापलंस.”

सुयोगचे हात हवेतच राहिले. मग तो म्हणाला, “आई, तिथे कोणी नाहीये. पाल आहे. दमट हवा आहे. बाबा गेले.”

वनमालाबाई त्याच्या जवळ आल्या. त्यांचे हात आता सावकाश, लहान मुलाला समजवावं तसे हलत होते. “तिथे कोणी नाही, तर तू कोणाला थांबवलंस?”

सुयोगने नजर माझ्याकडे वळवली.

“आणि मला न विचारता,” आई पुढे म्हणाली. “माझ्या पाठीमागे उभा राहून. तुला वाटतं मला कळत नाही? तुम्ही पाठीमागे बोलता तेव्हा समोरच्या कपाटाच्या काचेत तुमचे ओठ हलताना दिसतात मला. इतकी वर्षं दिसतात.”

सुयोगचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मोबाइल काढला आणि ती पट्टी पुन्हा टोकापर्यंत नेली. माझ्यावरची गोधडी उचलली गेली. मी श्वास घेत असतो तर तेव्हा घेतला असता.

त्या दिवशी तो परत गेला नाही. क्षमाला कळवून तो आईकडेच राहिला आणि लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावरून ऑफिसचं काम करू लागला. मायलेक एकमेकांशी जेवणापुरतं बोलत. आणि ते बोट येईना. आता मी पुरता जागा होतो, ओलाव्याचा कणही मला कळत होता, पण काहीच नाही. आज नाही, उद्याही नाही. वनमालाबाई दिव्याकडे बघून थकल्या. “तो रागावला,” एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मग एक संध्याकाळ आली. बाहेर नुकतंच अंधारून आलं होतं. वनमालाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. सुयोग लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. घरात पंख्याचा तेवढा आवाज.

माझ्या काचेवर बोट टेकलं. तेच. आखूड, निबर, किंचित डावीकडे.

दिवे विझले. मी वाट पाहिली की ते पुन्हा टेकेल आणि लुकलुकेल. ते टेकलं नाही. ते काचेपासून अगदी जवळ थांबून राहिलं. हॉल अंधारात, स्वयंपाकघर अंधारात, फक्त लॅपटॉपचा निळा उजेड सुयोगच्या हनुवटीवर.

सुयोगचा हात थांबला. मग अगदी हळू, लहान मुलासारखी, त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. अंधारात हात दिसले नसते. म्हणून असेल, पण त्या घरात ज्याचा कुणालाच उपयोग नव्हता त्या आवाजात तो म्हणाला,

“काय, बाबा?”

दिवे लागले.

दारात वनमालाबाई सूप मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या मुलाकडे बघत होत्या. त्याच्या ओठांवरचे शब्द त्यांनी वाचले होते. सुयोग उठला, त्याच्या मागे खुर्ची पडली, आणि तो आईसमोर जमिनीवर जाऊन बसला. त्याचे हात इतके थरथरत होते की त्याचंच बोलणं बोबडं झालं.

“मी... त्यांचे हात... मी बांधा म्हटलं. मला सोडायला सांगायला हवं होतं. थोडा वेळ तरी.”

वनमालाबाईंनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, म्हणजे तो काही बोलू शकेना. मग सोडले आणि त्या म्हणाल्या, “मास्क काढला असता तर त्याचा जीव घाबरा झाला असता. मीही बांधाच म्हटलं असतं.” त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. “मी इतके दिवस बसले. मला वाटलं, त्याला माझ्याशी बोलायचंय.”

“काय सांगायचंय त्यांना?”

“मला काय ठाऊक? हाक तुला आहे.”

मग त्या उठल्या. सूप ओट्यावर ठेवलं. केस नीट केले, पिशवी घेतली आणि चपला पायात सरकवल्या. सुयोग दचकून म्हणाला, “आई, कुठे चाललीस?”

“भाजी संपलीय. आता तू बस. मी कधीची बसलेय.”

दार लागलं. किती दिवसांनी त्या उंबरठ्याबाहेर पडल्या होत्या! सुयोग एकटाच हॉलच्या मध्ये उभा राहिला. मग त्याने खुर्चीसमोर पाट ओढला आणि तो बसला. त्याची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे त्याचे हात काय बोलले ते मला दिसलं नाही. एवढंच सांगतो की तो बराच वेळ बोलत होता, आणि मध्ये मध्ये थांबत होता, समोरचा बोलत असताना आपण थांबतो तसा.

ही गोष्ट होऊन आता बराच काळ लोटला आहे. वनमालाबाईंच्या अंगावर पुन्हा मांस आलं आहे. त्या भांडुपला मुलींना शिकवायला जातात. जाताना रिकाम्या खुर्चीला सांगून जातात, “येते. थांब जरा. जिवंत होतास तेव्हाही थांबायचासच.” सुयोगने माझं ॲप त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिलं आणि कुठली पट्टी कशाची ते शिकवलं. आता माझी ताकद कमी-जास्त करणं फक्त त्यांच्या हाती आहे. त्यांनी ती टोकालाच ठेवली आहे. पाल फिरली की दिवा लागतो, पावसाळ्यात तो थरथरतो, आणि बाई कंटाळत नाहीत. रोज कोरड्या फडक्याने माझी काच पुसतात. सुयोग आला की आता आईच्या समोर बसून बोलतो, क्षमाशी बोलायचं असलं तरी.

मित्रांनो, मला आता फार दिवस नाहीत. माझ्या आतली एक पट्टी काळी पडली आहे, आणि निलेशने मागच्या खेपेला मला बघून मान हलवली. मी गेल्यावर इथे दुसरा कोणी येईल. तेव्हा माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आमच्यावर ओला फडका मारू नका, आम्हाला विनाकारण ठोकू नका, हे तर आहेच. पण कुणाच्या घरातल्या दिव्याची सेटिंग बदलण्याआधी, तो उजेड ज्याचा आहे त्याला समोर बसून विचारा. आपल्याला जे कळत नाही ते बंद करून टाकणं फार सोपं असतं. एक बोट सरकवलं की झालं. पण पलीकडे कुणी टेकत राहतं, आणि ते तुम्हाला कधीच कळत नाही.

दुपारी घर रिकामं असतं. वनमालाबाई भांडुपला असतात, दाराला कुलूप असतं, खिडकीच्या फटीतून येणारं ऊन फरशीवरून हळूहळू सरकत असतं. तेव्हा ते बोट येतं. हल्ली ते हाक मारत नाही. दिवा एकदा लावतं आणि मग माझ्या काचेवर नुसतं टेकून राहतं. तासन् तास. रिकाम्या घरात दिवा जळत राहतो. आणि जिन्यात वनमालाबाईंची पावलं वाजली, त्यांना स्वतःला कधीही ऐकू न आलेली पावलं, की ते माझ्यावरून अलगद उचललं जातं.